गाठ खोटं बोलत न्हाय

"अर्थच न्हाय! काय केलं तरी अर्थ लागंना झालाय!"

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका माडीवरच्या खोलीत राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हे वाक्य खालून माझ्या कानावर आलं. मी मराठीची शिक्षिका, समोर सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा. 'संदर्भासह स्पष्टीकरण' या प्रश्नात मुलींनी कवितेची जी दैना केली होती ती वाचून माझंही नेमकं तेच मत झालं होतं. हा कोण जाणकार म्हणून मी गॅलरीतून वाकून बघितलं. एका ट्रकच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते, आणि त्या पायांच्या धन्याचं म्हणणं होतं की या गाडीत अर्थ नाही.

गाड्यांच्या दुनियेतला हा अर्थ मला समजायला आठवडा लागला. बॅटरीची एक तार दिव्याकडे, हॉर्नकडे, गाडी चालू करणाऱ्या सेल्फकडे जाते. दुसरी सरळ गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, बोल्टनं आवळलेली असते. करंट तारेतून जातो आणि लोखंडातून बॅटरीकडे परत येतो. ही परतीची वाट म्हणजे अर्थ. ती तुटली की बॅटरी भरलेली असूनही गाडी मेल्यासारखी पडून राहते. मूळ शब्द इंग्रजी आहे, अर्थ म्हणजे जमीन, हे मी त्या पायांच्या धन्याला, आण्णाप्पा मिस्त्रींना, एकदा समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंल की. पर तुमच्या कवितेला बी तेच लागतंय न्हवं?" त्यानंतर मी त्यांना भाषा शिकवायच्या भानगडीत पडले नाही.

आण्णाप्पा मिस्त्री म्हणजे ट्रकचे वायरमन. मूळचे आजऱ्याकडचे. सत्तर सालच्या आसपास मी तिथं राहायला गेले तेव्हा ते चाळिशीत असतील. अंगात खाकी शर्ट, डोक्यावर तेलानं काळी पडलेली टोपी, आणि गळ्यात दोन तारा लावलेला एक छोटा बल्ब. माणसं गळ्यात माळ घालतात तसा तो बल्ब कायम त्यांच्या छातीवर असायचा. दुकान म्हणजे एक पत्र्याचं शेड, पुढं ट्रक उभा राहील एवढी मोकळी जागा आणि ड्रायव्हरांसाठी एक बाकडं. शेडच्या मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको गंगव्वा राहायचे. मूलबाळ नव्हतं. हाताखाली कुणाला ठेवायचे नाहीत. का ठेवत नाहीत, असं विचारलं तर म्हणायचे, "दोन हात बास हायत की."

गाडी आली की ते आधी गाडीकडे बघायचेच नाहीत. ड्रायव्हरला बाकड्यावर बसवायचे, चहा मागवायचे आणि चौकशी सुरू करायचे. कधीपासनं? रिकामी असताना की लोड असताना? पावसात की उन्हात? त्याच्या आधी गाडीला कुणी हात लावला होता? माझ्या खोलीत हे सगळं ऐकू यायचं. ड्रायव्हर उतावळा असला तर म्हणायचा, "मिस्त्री, बॅटरी गेलीया, नवी टाका आनि सोडा." यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "गेली म्हंजे? माहेरी गेली व्हय? रुसली असंल. आधी इचारू तरी." आणि मग चहा संपल्यावर उठायचे. बॅटरीपासून सुरुवात करून एकेका जोडावर हाताची मागची बाजू टेकवत जायचे. जोड गरम लागला की म्हणायचे, "हितं अडलंय."

मलकापूरचा बंडा नावाचा एक ड्रायव्हर होता. ट्रक त्याचा स्वतःचा, जुनापुराणा, आणि त्याच्यावर त्याचा जीव. एका दसऱ्यानंतर तो अगदी रडकुंडीला येऊन दाखल झाला. सेल्फ दाबला की नुसता टक् आवाज यायचा आणि सगळं गप्प. दिवे लावून हॉर्न दाबला की दिवे मंद व्हायचे. घाटात समोरून गाडी आली की हॉर्न मारावा की दिवे ठेवावेत, हा त्याच्यापुढं प्रश्न. गाडी बंद केली तर परत चालू व्हायची नाही, म्हणून बिचारा जेवायलासुद्धा उतार बघून थांबायचा.

"तीन मिस्त्री झालं," बंडा म्हणाला. "बॅटरी बदलली, डायनॅमो बदलला, आता गाडीच बदल म्हणाल्यात."

मिस्त्रींनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "दसऱ्याला काय केलंस गाडीचं?"

"पूजा केली की. रंग दिला. वरनं खालपातूर."

"खालपातूर म्हंजे कुठपातूर?"

"चासीला बी दिला. म्हटलं वर्साचा सण हाय."

मिस्त्रींनी दिवे लावायला सांगितले. गळ्यातल्या बल्बची एक तार बॅटरीच्या अर्थाच्या टोकाला धरली आणि दुसरी चासीवर जरा खरवडून टेकवली. बल्ब मिणमिणला. तिथं तो लागायलाच नको होता. लोखंडाची वाट नीट असती तर करंट बल्बातून कशाला गेला असता? बंडानं भक्तीच्या भरात अर्थाचा बोल्ट काढला होता, खालच्या लोखंडाला लालभडक ऑइलपेंट फासला होता आणि त्यावर बोल्ट परत आवळला होता. मिस्त्रींनी पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासून चकचकीत केली, तार बसवली आणि म्हणाले, "मार सेल्फ." गाडी अशी उठली की माझ्या खिडकीची तावदानं हादरली. बंडानं खाली वाकून त्यांचे पाय धरले तेव्हा मिस्त्री ओरडले, "पाया पडू नगंस मर्दा, फुडल्या दसऱ्याला देवाच्या पाया पड, पर बोल्ट सोडून रंग दे!"

त्यांची आणखी एक पद्धत होती, आणि ती अख्ख्या कोल्हापुरात दुसऱ्या कुणाची नव्हती. वायरिंग केलं की प्रत्येक वायरच्या टोकाला ते मेणाचा दोरा बांधायचे आणि त्याला गाठी मारायचे. एक गाठ सेल्फ, दोन गाठी मोठा दिवा, तीन गाठी हॉर्न, असं करत थेट सातापर्यंत. मी एकदा वरूनच विचारलं, "मिस्त्री, वायरींना रंग असतात ना? मग या गाठी कशाला?"

"रंगाचं काय सांगता, बाई. तेलानं काळा पडतोय, उन्हानं उडतोय. आनि मधल्या मिस्त्र्यानं हातात गावंल ती वायर जोडलेली असती. गाठ खोटं बोलत न्हाय."

मला हे उत्तर इतकं आवडलं की मी ते वर्गात वापरलं. पण त्या उत्तरामागं काय होतं ते कळायला आणखी वर्ष जावं लागलं, आणि कळलं ते माझ्या आगाऊ जिभेमुळं.

थंडीचे दिवस होते. भाच्यासाठी स्वेटर विणत मी गॅलरीत उन्हाला बसले होते. लाल स्वेटर, हिरवे काठ. मांडीवरून लोकरीचे दोन्ही गुंडे घरंगळले ते खाली मिस्त्रींच्या पुढ्यात. मी म्हटलं, "मिस्त्री, तेवढा लाल गुंडा वर टाका, हिरवा राहू दे, मी येते न्यायला." त्यांनी दोन्ही गुंडे हातात घेतले, जरा थांबले आणि हिरवा वर फेकला. मी खो खो हसले. "अहो, लाल म्हटलं मी! वायरमन ना तुम्ही? रंग कळत नाहीत की काय?"

बाकड्यावर दोन ड्रायव्हर बसले होते, तेही हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी दुसरा गुंडा बाकड्यावर ठेवला आणि ते ट्रकखाली गेले. पुष्कळ वेळ बाहेर आले नाहीत.

संध्याकाळी गंगव्वा वर आल्या. हातात दह्याची वाटी. ही बाई ठेंगणी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि बोलणं सगळं कोल्हापुरी पुरुषी थाटाचं. "मी आलो", "मी जेवलो". आधी माझ्या व्याकरणाला ते फार टोचायचं. त्या दाराशीच बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमी चेष्टेनं म्हणालासा. पर ते खरं हाय."

मला कळेना काय खरं आहे.

"ह्येंस्नी तांबडं आनि हिरवं येगळं दिसत न्हाय. जन्मापासनं. लगीन झाल्यावर खरड्याला हिरव्या मिरच्या आणाय धाडलं, तर निम्म्या तांबड्या घेऊन आलं. तवा मला कळालं. त्येंची आई म्हाईत असून बोलली न्हवती. आता ती न्हाय. आता एक मी, आनि एक तुमी." दह्याची वाटी माझ्यापुढं सरकवून त्या म्हणाल्या, "वायरमनला रंग दिसत न्हाईत म्हटल्यावर कोण गाडी आणंल, बाई? कुत्रं सुदीक यायचं न्हाय दारात. दुसरं काय येत न्हाय त्येंस्नी. हे गेलं तर ते खचत्यात बगा."

दुपारभर मी माझ्या विनोदावर खूश होते. गंगव्वांना मी शब्द दिला आणि त्या उठून गेल्या. दही खाल्लं गेलं नाही.

सकाळी मिस्त्री जिन्यानं वर आले. दाराबाहेरच उभं राहून म्हणाले, "बाई, तुमचा पंखा लई कुरकुर करतोय. खालपातूर आवाज येतोय. बघू व्हय?" पंखा उघडला, तेल घातलं, बसवला. निघताना पाठमोरे असतानाच म्हणाले, "मी खोटं बोलल्यालो न्हाय कुणाशी. कुणी इचारलंच न्हाय, तर काय करायचं?" मी म्हटलं, "काहीच करायचं नाही." एवढंच आमचं बोलणं झालं, आणि पुढं कधी त्या विषयाचं नाव निघालं नाही.

त्या दिवसापासून माझं खाली बघणं बदललं. रंगावर भिस्त ठेवता येत नाही म्हणून हा माणूस प्रत्येक वायर मुळापासून टोकापर्यंत हातानं चाचपत जायचा, बल्ब लावून विचारायचा. दुसरे मिस्त्री लाल वायर बघून निघून जायचे आणि तिथंच फसायचे, कारण जुन्या गाडीतली लाल वायर लाल का आहे हे कुणालाच माहीत नसतं. लोक म्हणायचे, आण्णाप्पाचा हात देवाचा आहे. मला ते ऐकून हसूही यायचं आणि भीतीही वाटायची. कधीतरी कुणीतरी सरळ विचारेल, ही वायर कुठल्या रंगाची, आणि सगळं संपेल.

तशी वेळ आलीच. एका दिवाळीच्या सुट्टीत सहा ट्रकांचा एक मालक आला. दुसऱ्या कुणीतरी वायरिंग करताना त्याची एक गाडी जाळली होती, त्यामुळं त्याचा आता कुणावरच विश्वास नव्हता. मुंबईहून नव्या वायरींचा अख्खा जुडगा आणला होता आणि बरोबर एक इंग्रजी तक्ता. कुठल्या रंगाची वायर कुठं, सगळं त्यात छापलेलं.

"ह्यात लिवलंय तसंच बसवायचं," तो बाकड्यावर ऐसपैस बसत म्हणाला. "मी हितनं हलणार न्हाय. रंग बघून एकेक वायर लावायची. हे नीट झालं तर सहाच्या सहा गाड्या तुमच्याकडं."

मिस्त्री तो तक्ता हातात धरून उभे होते. गंगव्वा दारात आल्या आणि त्यांनी वर माझ्याकडं बघितलं. मी चष्मा घेतला, पायांत चपला सरकवल्या आणि खाली गेले. "मिस्त्री, इंग्रजी आहे का? द्या इकडं. मला सुट्टीच आहे. मी वाचते आणि वायर काढून देते, तुम्ही नुसतं बसवा."

मालकानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "च्यायला! कोल्हापुरात वायरमन आता मास्तरीण ठेवाय लागलं काय?"

"परवडत असेल तर तुम्हीही ठेवा," मी म्हटलं, आणि मिस्त्रींच्या मिशीखाली काहीतरी हललं.

दोन दिवस मी एका उपड्या खोक्यावर बसून होते. तक्त्यात बघायचं, मोठ्यांदा वाचायचं, जुडग्यातून वायर सोडवून त्यांच्या हातात द्यायची. त्यांनी ती घ्यायची, गाठ मारायची, बल्ब लावून बघायची आणि बसवायची. गंगव्वा चहा आणायच्या आणि जाताना माझ्या खांद्याला हात लावून जायच्या. माझ्या नोकरीत मला मानपत्रं मिळाली, शाली मिळाल्या. पण इतकी मनापासून उपयोगी मी कधी पडले असेन असं मला वाटत नाही. आजही निवृत्त होऊन भाच्याच्या फ्लॅटमध्ये बसलेली असताना मला शाळा आठवत नाही, ते खोकं आठवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र मी घोळ केला. मोठ्या ऐटीत एक वायर त्यांच्या हातात दिली. लाल वायरीचं पलीकडचं टोक सकाळीच बॅटरीला जोडलं होतं, म्हणजे या टोकाला करंट यायला हवा होता. त्यांनी बल्ब लावला. बल्ब लागला नाही.

"बाई, ही ती न्हवं."

"अहो, लाल आहे! तक्त्यात लाल लिहिलंय."

"असंल. पर दिवा न्हाय म्हणतोय."

मी वायर घेऊन शेडच्या बाहेर उन्हात गेले. वायर तपकिरी होती. शेडच्या अंधारात मला ती चक्क लाल दिसली होती. मी शरमून परत आले आणि तसं कबूल केलं. मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले आणि मग हसायला लागले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना असं हसताना तेव्हाच पाहिलं. "म्हंजे तुमी बी!" एवढंच ते म्हणत होते. "तुमी बी, बाई!"

मालकाला यातलं काही कळलं नाही. गाडी चालू झाली, सगळे दिवे लागले, तेव्हा त्यानं मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बगा! तुमी डोळं झाकून बी वायरिंग करशीला!" गंगव्वा तोंडाला पदर लावून आत पळाल्या. सहाही गाड्या पुढं मिस्त्रींकडंच येत राहिल्या.

गंगव्वा गेल्या त्याला आता किती वर्षं झाली, मी मोजत नाही. ऐंशी साल उलटून गेलं होतं. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. नंतर महिन्याभरातच मिस्त्रींनी शेड मोकळी केली आणि ते आजऱ्याकडं भावाच्या घरी गेले. ते गेले तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळं भेट झाली नाही. पुढं कधी बंडा दिसला तर खुशाली कळायची, मग तोही दिसेनासा झाला. मी एकदा तरी आजऱ्याला जायला हवं होतं. गेले नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. त्यामुळं आज मिस्त्री माझ्या डोळ्यांपुढं येतात ते गंगव्वा गेल्या त्या दिवशीचे.

सकाळची वेळ होती. अंगण माणसांनी भरलं होतं. ड्रायव्हर लोक रस्त्यापर्यंत उभे होते. बायकांनी गंगव्वांना न्हाऊ घातलं होतं. सवाष्ण गेलेली, म्हणजे हिरवं लुगडं, हिरवा चुडा. मिस्त्रींची मोठी वहिनी, जिला सगळे आक्का म्हणत, तिनं त्यांना सांगितलं, "आण्णाप्पा, ट्रंकंतनं तिचं चांगलं हिरवं लुगडं काढून दे." गंगव्वांची ट्रंक उघडायची ती घरच्यानं, नवऱ्यानं. मिस्त्री उठले आणि आतल्या खोलीत गेले.

ते बाहेर येईनात. आक्कानं हाक मारली, "सापडंना व्हय रं?"

"कुलूप निघंना," आतून आवाज आला. "बाई, जरा आत येतासा?"

मी आत गेले. ट्रंक उघडी होती. मिस्त्री जमिनीवर बसले होते आणि त्यांच्या दोन गुडघ्यांवर दोन इरकली लुगडी होती. काठ सारखे, पदर सारखे. एक लाल, एक हिरवं. ते दोन्हींवरून हात फिरवत होते, आधी तळहात, मग हाताची मागची बाजू. त्यांनी मान वर केली.

"ह्यातलं कुठलं, बाई?"

मी हिरव्यावर हात ठेवला. त्यांनी लाल लुगडं नीट घडी करून ट्रंकेत ठेवलं, झाकण लावलं आणि हिरवं मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले.

"दर दिवाळीला नवं नेसून फुड्यात उभारायची," ते म्हणाले. "कसं दिसतंय म्हणून इचारायची. मला दिसत न्हाय हे तिला ठावं हुतं. तरी बी इचारायची."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"झ्याक, म्हणायचो." त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. "बाई, तुमी बघितलंय तिला ह्यात. खरंच झ्याक दिसायची काय ओ?"

"व्हय, मिस्त्री," मी म्हटलं. "लई झ्याक दिसायच्या."

त्यांनी मान हलवली. टोपी डोक्यावर नीट बसवली, लुगडं दोन्ही हातांवर आडवं घेतलं आणि ते उठले. दारात थांबले. अंगणातली सगळी माणसं त्यांच्याकडं बघत होती. ट्रकखालून ड्रायव्हरला सांगताना लागायचा तसा त्यांचा आवाज लागला, खणखणीत.

"घ्या आक्का," ते म्हणाले. "हिरवं."